हात आधी, शब्द मागून

कुवेतमधली मराठी माणसं रामभाऊ मुजुमदारांना दोन गोष्टींसाठी ओळखत. एक, सरकारी इस्पितळात ते एक्स-रे काढत, त्यामुळे निम्म्या अब्बासियाच्या, म्हणजे तिथल्या भारतीय वस्तीच्या, बरगड्या त्यांनी पाहिलेल्या होत्या. आणि दुसरी, मंडळाच्या नाटकातला प्रॉम्प्टर त्यांनी कायमचा घरी बसवला होता.

दुसऱ्या गोष्टीचा लोकांना राग होता. हौशी नाटकाला प्रॉम्प्टर म्हणजे म्हाताऱ्याला काठी. दिवसभर कंपनीत राबणारा माणूस पाठांतर करणार कधी? विंगेत एकजण संहिता घेऊन बसायचा, कुणी अडलं की हळूच वाक्य सरकवायचा, आणि पुष्कळदा ते नटाच्या आधी तिसऱ्या रांगेला ऐकू जायचं. हशा पिकायचा. कुणाचं काही बिघडत नव्हतं. रामभाऊंचं बिघडायचं.

"विंगेतून वाक्य आलं की नट समोरच्याकडे बघायचं सोडतो आणि तिकडे कान लावतो," ते म्हणायचे. "मग समोरचा मेला काय नि जगला काय, याला पत्ता नाही. हे नाटक नव्हे. हे पाठ म्हणून दाखवणं झालं."

"मॉस्कोत चालत असेल हो भाऊ, हे कुवेत आहे," असं कुणीतरी म्हणायचंच.

कारण रामभाऊंच्या बोलण्यात मॉस्को हटकून यायचं. पुण्यात शिकत असताना रशियन पुस्तकांच्या प्रदर्शनात त्यांनी एक जाडजूड इंग्रजी पुस्तक उचललं होतं. मॉस्को आर्ट थिएटर नावाच्या नाटक मंडळीचा इतिहास. स्वस्त मिळालं म्हणून घेतलं, आणि जन्माला पुरलं. नव्वद सालच्या इराकी लुटीत घराबरोबर ते पुस्तकही गेलं, पण तोवर ते रामभाऊंच्या अंगात मुरलेलं होतं.

प्रभा, म्हणजे त्यांची बायको, त्याच इस्पितळात नर्स होती. लग्नाला दहा-बारा वर्षं होऊनही तिनं या मॉस्कोकडे कधी फारसं लक्ष दिलं नव्हतं. घड्याळाप्रमाणे ड्यूटी, घरी लहान मुलगी. रशियातल्या नटांची उठाठेव कोण करणार? ती गोष्ट तिनं पहिल्यांदा नीट ऐकली ती जॉर्डनच्या सरहद्दीवर, तंबूत. इराकी सैन्य कुवेतमध्ये शिरल्यावर बगदादमार्गे बसनं, ट्रकनं, मिळेल त्यानं येऊन पडलेली माणसं तिथे मुंबईच्या विमानाची वाट बघत होती. नऊ वर्षांची संपदा तापानं फणफणलेली. पाणी आलं तर आलं, पाव आला तर आला. पोरीला झोप लागेना म्हणून रामभाऊ गोष्ट सांगायला बसले. दुसरी कुठली त्यांना येत होती?

"दोन माणसं होती बघ, मॉस्कोत. एक नाटकं लिहायचा, शिकवायचा. दुसरा श्रीमंत घरचा, पण नाटकाचं वेड लागलेला. एका दुपारी दोघं हॉटेलात जेवायला बसली..."

"काय जेवली ते नका सांगू हां रामभाऊ," शेजारच्या तंबूतून आवाज आला. "तेवढं वगळून सांगा."

सगळे हसले. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच हसले. रामभाऊंनी जेवण वगळून पुढे सांगितलं. ती दोघं बोलत बसली ती बोलतच राहिली. संध्याकाळ झाली, रात्र झाली, हॉटेल सोडून एकाच्या घरी गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठली तेव्हा नव्या नाटक मंडळीचा पाया घालूनच उठली. काय काय ठरलं? आज जो राजा होईल तो उद्या भालदार होऊन मुकाट कोपऱ्यात उभा राहील. नाटक एका नटाचं नाही, सगळ्यांचं. दिवाणखाना दाखवायचा तर खरा दिवाणखाना वाटला पाहिजे, रातकिडा ओरडला तर खरा ओरडला पाहिजे. त्यांचं एक नाटक असं होतं, की दुसरीकडे साफ पडलेलं. यांनी ते पुन्हा उभं केलं. पहिला अंक संपला, पडदा पडला, आणि प्रेक्षागृहात चिडीचूप. टाळी नाही, काही नाही. पडद्याआड नट रडायच्या बेताला आले. आणि मग एकदम असा कडकडाट झाला, की त्या दिवसापासून ती मंडळी जगभर नावाजली गेली. त्या नाटकाचं नावच एका समुद्रपक्ष्याचं, म्हणून त्यांच्या पडद्यावर तो पक्षी भरलेला असतो.

"आणि या सगळ्यांच्या घरी स्वयंपाक कोण करत होतं?" प्रभानं विचारलं.

"ते पुस्तकात नाही."

"नसायचंच."

पण पोरीला झोप लागली होती, आणि तंबूतल्या माणसांनी दुसऱ्या दिवशी "पुढे काय झालं" म्हणून विचारलं होतं. त्या दिवसापासून प्रभानं मॉस्कोला नावं ठेवणं कमी केलं.

ब्याण्णव साली तिघं परत कुवेतला आली. रिकामं घर पुन्हा मांडलं. प्रभाची ड्यूटी सकाळी सातला, त्यामुळे संपदाची शाळेची तयारी रामभाऊंकडे. डबा प्रभा भरून ठेवायची, वेणी मात्र तेच घालायचे. दोन पायांत तिला धरून बसवायचे, कंगवा दातांत, लाल रिबिनी मांडीवर. "हलू नकोस, संपे. बस येईल." पुरुषमाणसाच्या हातच्या म्हणून वर्गातल्या मुली त्या वेण्यांना हसायच्या, पण शाळा सुटेपर्यंत एक बट सुटायची नाही.

त्याच सुमारास रामभाऊंनी मंडळात नाटक बसवायला सुरुवात केली. शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, सकाळी एका भारतीय शाळेच्या हॉलमध्ये तालीम. शाळेचा केअरटेकर हारून, मलबारी, किल्ली आणि शाळेची पितळी घंटा दोन्ही त्याच्याकडे. प्रभानं पडद्यावर पांढऱ्या दोऱ्यानं पक्षी भरला. हिवाळ्यात समुद्राकाठी येतात तसला कुरव तिच्या डोळ्यांपुढे होता, पण उद्घाटनाला आलेल्या एका बाईंनी विचारलंच, "कबुतर कशाला हो काढलंत?"

"काही दिवस कबुतर म्हणू दे," रामभाऊ म्हणाले. "मॉस्कोतही पहिल्यांदा हसलेच असतील." पुढे ती मूळची मंडळी भांडून दोन झाल्याचं त्यांनीच सांगितलं, तेव्हा मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर शैलेश म्हणाले, "मग तर मॉस्कोनं आपल्याकडून काहीतरी घेतलं म्हणायचं!" कुवेतचं मंडळ तोवर दोनदा फुटून दोनदा सांधलेलं होतं.

प्रॉम्प्टर गेला. प्रवेशाला टाळी गेली. आणि तिसऱ्या घंटेनंतर दार बंद. हाही मॉस्कोचाच नियम. जेवणं आटोपून रमतगमत येणाऱ्या बड्या लोकांना तिथल्या मंडळीनं तसं वळण लावलं होतं.

चौऱ्याण्णवच्या नाटकाचा सेट महादेवनं बनवला. महादेव मालवणकडचा सुतार, अर्दियाच्या एका फर्निचर वर्कशॉपमध्ये कामाला, अब्बासियात चौघांच्या खोलीत राहणारा. काम सुटल्यावर त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी वर्कशॉपच्या मागच्या अंगणात भिंती उभ्या केल्या, चौकटीसकट खराखुरा दरवाजा केला. नाटकाच्या दिवशी नेमकं कंपनीनं त्यांना दूर मीना अल-अहमदीच्या बंदरावर कामाला पाठवलं. परतीची बस उशिरा सुटली. धुतलेले शर्ट पिशवीत घेऊन ती माणसं धावतपळत शाळेच्या फाटकाशी पोचली तेव्हा तिसरी घंटा होऊन गेली होती. दारावरच्या पोरांनी नियम सांगितला. अंगणात शर्ट बदलून ती तशीच उभी राहिली, आतलं हसणं ऐकत. मग शेवटची बस चुकेल म्हणून निघून गेली.

हे रामभाऊंना कळलं ते नाटक संपल्यावर, हारूनकडून. "साब, जिन लोगने सेट बनाया, वो बाहर खडा था."

त्या दिवशी नाटक सुरेख झालं होतं. लोक हात दाबत होते. रामभाऊ मात्र घरी येऊन न जेवता आडवे झाले. दुसऱ्या दिवशी प्रभाला घेऊन ते अब्बासियातल्या त्या खोलीवर गेले.

"बसा भाऊनू. खाट एकच रिकामी हा, वैनी बसतील. तुमका डबो उलटो घालतंय."

"महादेव, माझी चूक झाली."

"आमचा काय नाय ओ. आमी आवाज आयकलो सगळो." महादेवनं डबा फडक्यानं पुसला. "दुसऱ्या अंकात ता दार आपटलास ना, भायर काय मस्त आवाज इलो! दार माजा होता ना."

त्याच्या मनात टोचायचं होतं की नव्हतं कोण जाणे, पण रामभाऊंना ते आरपार गेलं. परतताना ते प्रभाला म्हणाले, "मॉस्कोच्या त्या मंडळीच्या नावातच सुरुवातीला एक शब्द होता. सगळ्यांना परवडेल असं, सगळ्यांसाठी खुलं, अशा अर्थाचा. गरिबाला, कामगाराला येता यावं म्हणून. पुढे तो शब्द गळला नावातून. मी पण बघ, बंद दार तेवढं लक्षात ठेवलं."

पुढच्या शुक्रवारी अब्बासियातल्या त्या इमारतीच्या गच्चीवर ते नाटक पुन्हा झालं, अख्खं, सेटसकट. धुण्याच्या दोऱ्या सोडून बाजूला केल्या होत्या. आणि त्यानंतर नियम थोडा बदलला. तिसरी घंटा झाली की दार बंद, हे कायम. पण अब्बासियाची बस आल्याशिवाय हारूननं तिसरी घंटा द्यायची नाही. सलमियाहून मोटारीतून आलेले लोक घड्याळं बघत बसून राहायचे. अध्यक्ष कुरकुरायचे. बस यायची, मग घंटा व्हायची.

महादेव तेव्हापासून सेट तर करायचाच, कामंही करू लागला. पाठांतर त्याला फार जड जाई. त्याला रामभाऊंनी सांगितलं, "वाक्यं सोड. आधी हात. पानाला चुना लावताना तुझा आजा काय बोलायचा?" महादेवनं हातावर नसलेलं पान ठेवलं, नसलेला चुना लावला, आणि तोंडातून आजाच बोलू लागला. "बघितलंत?" रामभाऊ बाकीच्यांकडे वळून म्हणाले. "हात आधी, शब्द मागून. मॉस्कोच्या त्या दोघांतला जो श्रीमंत घरचा, नट होता ना, त्याला मंडळीच्या तिसाव्या वाढदिवसाला काम करता करता छातीत कळ आली. अंक पुरा केला, पडदा पडल्यावर पडला. पुन्हा स्टेजवर उभं राहता आलं नाही. मग घरात बसून शिकवायचा. तेव्हा त्याच्या हाताला हे लागलं. रडू आठवायला जाऊ नका. ती वस्तू हातात घ्या, ते काम नीट करा. रडू येईल त्याच्या मागनं."

अशी नऊ-दहा वर्षं गेली. संपदा मोठी झाली, मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तरं देऊ लागली, शिकायला टोरोंटोला गेली आणि तिथेच नोकरीला लागली.

दोन हजार तीनच्या शेवटी एके दिवशी एक्स-रे विभागाच्या रिसेप्शनवरची ताहिरा प्रभाच्या वॉर्डात आली. हैदराबादची, बडबडी, पण त्या दिवशी दाराशीच घुटमळली.

"प्रभाआपा, बुरा नको मानो. भाईसाब को जरा दिखा लो किसी को."

एक्स-रे काढताना रामभाऊ अरबीत सांगायचे, श्वास घ्या, आता रोखून धरा; मग बटण दाबायचं, आणि मग, सोडा. वर्षानुवर्षं रोज तेच. त्या दिवशी एका कुवेती म्हातारीला त्यांनी श्वास रोखायला सांगितला, बटण दाबलं, आणि काचेआड तसेच उभे राहिले. सोडा म्हणायचं राहूनच गेलं. म्हातारी बिचारी आज्ञाधारक. शेवटी खोकत खोकत तीच हसली आणि म्हणाली, "मारतोस की काय रे बाबा!" सगळे हसले. रामभाऊ हसले नाहीत. ते काचेतून तिच्याकडे बघत होते, जणू पुढचा शब्द तिनंच द्यायचा होता.

तपासण्या झाल्या. शैलेश स्वतः घरी आले. डॉक्टर असून त्यांना सांगायला वेळ लागला. "वहिनी, हा नेहमीचा विसरभोळेपणा नाही. हळूहळू वाढेल. थांबवता येत नाही." मग खाली बघून म्हणाले, "या वर्षीचं नाटक दुसऱ्या कुणाला देऊ या."

त्या वर्षीचं नाटक रामभाऊंनी स्वतः लिहिलं होतं. खाडीवर पूल होतो आणि माणसं पलीकडे नेणारी होडी, म्हणजे तर, बंद पडते, ती चालवणाऱ्या म्हाताऱ्या तांडेलाचं. शेवटची फेरी मारून तो होडी बांधतो आणि दोराची वेटोळी घालता घालता पुलाकडे बघून बोलतो, तिथे नाटक संपायचं. तांडेलाचं काम ते स्वतः करणार होते. तब्येतीमुळे एक वर्ष पुढे ढकललं गेलं, पण काम त्यांनी सोडलं नाही. सगळ्या मंडळींना घेऊन ते शर्कच्या जुन्या बंदरावर गेले. मॉस्कोवाले नाही का, भणंगांचं नाटक करायचं तर भणंगांच्या वस्तीत जाऊन बसले होते! एका लाकडी गलबतावर एक गुजराती खलाशी दोर गुंडाळत बसला होता. रामभाऊ त्याच्या शेजारी फतकल मारून बसले. सकाळभर. हात सोलवटले तरी उठले नाहीत.

येताना गाडीत ते प्रभाला म्हणाले, "शैलेशनं तुला विचारलं ना, मला काढायचं का म्हणून?"

प्रभानं गिअर बदलला.

"मला कळतंय गं, काय होतंय ते. अजून कळतंय, तेवढ्यात एकदा उभा राहतो. पडलो तर पडू दे. पण विंगेत माणूस बसवून मला उचलून धरू नका. तसं करणार नाही म्हण."

"नाही करणार."

"तसं नको. माझ्याकडे बघून म्हण."

तिनं बघून म्हटलं.

दोन हजार पाचच्या फेब्रुवारीत नाटक ठरलं. तालमी बऱ्या चालल्या होत्या. म्हणजे, कधी कधी ते मध्येच थांबत, पण हातात दोर आला की शेवटचं भाषण धबधब्यासारखं यायचं. प्रभाचं काम चार वाक्यांचं, होडीतल्या मासेवालीचं. किनाऱ्यावर उतरायचं, टोपली खाली ठेवायची, किनाऱ्यावर पडलेला होडीचा दोर उचलून तांडेलाकडे फेकायचा आणि टोपली उचलून चालू लागायचं. तिनं दोर फेकला की तो झेलायचा, गुंडाळायला लागायचा, आणि बोलायला लागायचा. बस, एवढंच.

नाटकाच्या आदल्या दिवशी शैलेशांनी तिला बाजूला घेतलं. "वहिनी, हॉल भरणार आहे. एम्बसीचे लोक येतायत. हे मधेच अडकले तर काय शोभा होईल त्यांची? विंगेत नको, ठीक. पण तुम्ही तर स्टेजवरच आहात. तुमच्या टोपलीत शेवटच्या भाषणाचे दोन कागद ठेवा. लागलंच तर एक शब्द. कुणाला कळणारही नाही."

"मी शब्द दिलाय त्यांना."

"तो त्यांच्या लक्षात आहे का?"

असं बोलायला नको होतं. त्यांनाही ते लगेच कळलं, चेहरा पडला त्यांचा. पण प्रभाला आता तेच दिसू लागलं. हॉलभर माणसांपुढे हा माणूस तसाच उभा राहील, त्या काचेआड राहिला होता तसा. घरी जाऊन तिनं ते दोन कागद कापडी पापलेटांच्या खाली ठेवले.

त्या दिवशी अब्बासियाची बस बरीच उशिरा आली. हारूननं तिसरी घंटा धरून ठेवली. घंटा झाली, दार लागलं, पडदा वर गेला आणि प्रभाच्या पक्ष्याला वरती गुंडाळून घेऊन गेला.

पहिले दोन अंक फारसं अडलं नाही. एकदा रामभाऊ थबकले, तेव्हा महादेवनं, तो उतारू झाला होता, उगाच विडी पेटवायला त्यांच्याकडे काडेपेटी मागितली. रामभाऊंनी खिसा चाचपला आणि वाक्य पुढे गेलं. कुणाला कळलं नाही. तिसऱ्या अंकाचा शेवट आला. होडी लागली. प्रभा उतरली. टोपली खाली ठेवली. आणि तिचं लक्ष टोपलीत गेलं. पापलेटांखालून कागदाचा कोपरा दिसत होता. पहिलं वाक्य कुठून सुरू होतं ते तिनं डोळ्यांनी शोधलं, म्हणजे वेळ आलीच तर.

वर बघितलं तेव्हा रामभाऊ होडीत उभे होते. रिकामे हात पुढे केलेले. बोलत नव्हते.

आली वेळ, असं तिला वाटलं. तिनं ओठ न हलवता पहिलं वाक्य म्हटलं. त्यांना ऐकू गेलं नाही. तिनं पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं.

रामभाऊंनी मान वळवली. तिच्याकडे नाही. विंगेकडे. म्हातारा तांडेल होता तो कुठेतरी गेला, आणि त्याच्या लुंगीत एक घाबरलेला माणूस उभा राहिला. "कोण?" तो म्हणाला. "कोण बोलतंय?"

पुढच्या रांगेत खुर्ची करकरली. प्रभा त्यांच्या हातांकडे बघत राहिली. ते हात अजून तसेच पुढे होते. काहीतरी मागत होते. आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं. दोर! दोर तिच्याच पायाशी पडला होता. तिनं फेकलाच नव्हता. ती टोपलीकडे बघत होती. समोरचा मेला काय नि जगला काय, तिला पत्ता नव्हता. ते विसरले नव्हते. विसरली होती ती.

तिनं टोपली पायानं दूर सारली. दोर उचलला आणि तालमीत फेकायची तसा नाही, नवऱ्यावर रागावलेली बाई फेकेल तसा, जोरानं फेकला.

हातांनी झेलला. हातांनीच एक वेटोळं घातलं, मग दुसरं. मान खाली गेली, खांदे सैल झाले. आणि मग, अगदी हळू, तांडेल बोलू लागला. लिहिलेल्यातली काही वाक्यं आली, काही आली नाहीत. काही संहितेत कधी नव्हतीच. "माणसं पलीकडे पोचवली सगळी," तो पुलाकडे बघून म्हणाला. "आता मला कुणी पोचवायला नको. मी इथेच बसतो." दोर संपला. शेवटचं वेटोळं त्यानं वरती ठेवलं, हातानं थोपटलं, आणि तिथेच बसला.

पडदा पडला. हॉलमध्ये चिडीचूप. प्रभा पडद्याआड उभी होती. तंबूतली ती गोष्ट तिला आठवत होती, आणि टाळी आली नाही तरी चालेल असं तिला वाटत होतं. टाळ्या आल्या. मागच्या बाजूनं सुरू झाल्या, अब्बासियाची माणसं बसली होती तिथून.

महादेवनं टोपली उचलून आणली. कागद त्याला दिसले होते. "वैनी," एवढंच म्हणाला, आणि कागद घडी घालून स्वतःच्या खिशात टाकले.

गाडीत रामभाऊ खुशीत होते. गल्फ रोडच्या दिव्यांकडे बघत त्यांनी विचारलं, "प्रभा, आपलं नाटक कधी आहे?"

तिनं गाडी सावकाश बाजूला घेतली. "झालं," ती म्हणाली. "छान झालं. तुम्ही एकट्यानं केलंत."

"विंगेत कुणी नव्हतं ना?"

"विंगेत नव्हतं."

यापेक्षा जास्त तिला सांगवलं नाही.

त्यानंतर ते झपाट्यानं खालावत गेले. नोकरी सुटली, प्रभानं राजीनामा दिला, पुण्याला परतायचं ठरलं. भेटायला येणारे प्रेमानंच विचारायचे, "भाऊ, ओळखलंत का मला? सांगा बघू कोण?" आणि ते नुसते बघत राहायचे, मान विंगेकडे वळवल्यासारखी करून. प्रभानं मग दाराशीच सांगायला सुरुवात केली, "नाव विचारायचं नाही. सांगायचंही नाही. त्यांना प्रॉम्प्ट केलेलं चालत नाही." लोकांना वाटायचं, बाई जरा कडक झाली. ती ताटात पोळी तोडून ठेवायची नाही. अख्खी पोळी आणि वाटी ठेवायची, हात आपले आपण कामाला लागायचे. सदरा हातात द्यायची, बटणं लागायची. महादेव शुक्रवारी यायचा तो रंधा आणि एक फळी घेऊनच, आणि रंधा त्यांच्या हातात द्यायचा.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात सामान बांधायला संपदा टोरोंटोहून आली. विमानतळावरून सरळ घरी, बॅग दारातच टाकून ती वडिलांसमोर बसली.

"बाबा, इट्स मी. संपदा. बाबा, लुक ॲट मी ना."

रामभाऊ विनयानं हसले, अनोळखी पेशंटकडे बघून हसावं तसे. आणि मग मान बाजूला वळली.

संपदा उठून स्वयंपाकघरात आली. "आई, बाबा डझन्ट नो मी. ही जस्ट डझन्ट."

प्रभा हात पुसून आतल्या खोलीत गेली. बांधलेलं एक खोकं तिनं पुन्हा उघडलं, तळाशी हात घालून काहीतरी शोधलं आणि बाहेर आली. कंगवा होता, आणि लाल रिबीन, विटून गुलाबी झालेली.

"जा. त्यांच्या पायाशी बस. पाठ करून."

"आई, माझे केस बघ केवढे आहेत! खांद्यापर्यंतपण नाहीत."

"बस म्हणते ना. आणि बोलू नकोस."

संपदा जमिनीवर बसली. प्रभानं कंगवा रामभाऊंच्या हातात दिला, रिबीन मांडीवर ठेवली आणि मागे सरकून भिंतीला टेकून उभी राहिली. बराच वेळ काही झालं नाही. संपदाचे खांदे हलू लागले, पण ती वळली नाही.

मग कंगवा दातांत गेला. दोन्ही गुडघे जवळ आले आणि मुलगी त्यांच्यामध्ये घट्ट धरली गेली. बोटांनी भांग पाडला, केसांचे तीन पेड वेगळे केले. एक पेड फिरला, दुसरा फिरला, आणि तिसऱ्याला केसच पुरले नाहीत. हात थांबले. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा पुरले नाहीत. रामभाऊंच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी दातांतला कंगवा काढला.

"प्रभा," त्यांनी हाक मारली. कित्येक महिन्यांत मारली नव्हती. "संपीचे केस कुणी कापले गं? आता शाळेची बस येईल आणि रिबीन बांधायची कशाला?"

संपदानं तोंडावर हात दाबून धरला. प्रभाला पुढे व्हावंसं वाटलं, काहीतरी सांगावंसं वाटलं, खूप काही. ती जागची हलली नाही.

"बांधा जमेल तशी," ती म्हणाली. "बस थांबेल."